म्युझिक व्हिडिओ प्रकल्पाचे मूल्यमापन : निकष आले कोठून?

प्रस्तावना

पदवी स्तरावरील माध्यमविषयक प्रकल्पात विद्यार्थ्यांचा गट एखाद्या गाण्याचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ तयार करतो आणि त्याच्या जोडीला अल्बमचे आवरण, एखादे पोस्टर किंवा छापील जाहिरात करतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही वैकल्पिक विषयाच्या किंवा वार्षिक महोत्सवाच्या निमित्ताने असे काम होते. अहवालाच्या शेवटी ‘मूल्यमापन’ नावाचे प्रकरण लिहावे लागते. त्यात बहुधा अशी विधाने आढळतात : गायकाचे क्लोज-अप पुरेसे आहेत, व्हिडिओ आणि पोस्टर यांची रंगसंगती जुळते, पहिल्या आठवड्यात इतक्या लोकांनी व्हिडिओ पाहिला.

ही विधाने चुकीची नाहीत. मात्र क्लोज-अप का हवेत, रंग का जुळावेत आणि पाहणाऱ्यांच्या संख्येवरून नेमके काय सिद्ध होते, हे त्यांतून कळत नाही. या पाठात आपण या निकषांचा इतिहास पाहणार आहोत. पाठाचे मुख्य प्रतिपादन असे : म्युझिक व्हिडिओ पारखण्याचा प्रत्येक निकष कोणाच्या तरी गरजेतून जन्माला आला आहे. ती गरज कोणाची होती हे समजले, तरच तो निकष आपल्या प्रकल्पाला लावावा की नाही हे ठरवता येते.

1. आवाजाला नाव आणि चेहरा

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने गाणे गायकापासून वेगळे केले. श्रोत्यासमोर गायक राहिला नाही, म्हणून गाणे कोणाचे हे तबकडीवर सांगणे भाग पडले. नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या मुद्रणांत गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगताना ऐकू येतात. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना भाषा कळत नसल्याने योग्य नावाचे लेबल लागावे म्हणून ही सोय होती. प्रसिद्धी साहित्याचे पहिले काम असे साधे होते : ओळख पटवणे.

सुरुवातीला अनेक तबकड्या मिळून फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत विकल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द तेथून रूढ झाला. ही आवरणे बहुतांशी कोरी, एकरंगी असत. 1940 मध्ये अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्सचे ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी आवरणावर चित्र छापण्याची प्रथा सुरू केली. तेव्हापासून आवरण नुसते ओळख पटवून थांबले नाही. ते ग्राहकाचे लक्ष वेधू लागले.

भारतात हे काम चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांनी केले. कथासार, गाण्यांचे शब्द आणि श्रेयनामावली असे त्यांचे स्वरूप असे. पण श्रेय नेहमीच खरे असे, असे नाही. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापले होते. ते पडद्यावरील पात्राचे नाव. गायिका होत्या लता मंगेशकर. येथे आवरणाने चेहरा विकला आणि आवाज लपवला. नाव कोणाचे छापले जाते, हा प्रश्न व्हिडिओपेक्षाही जुना आहे.

2. गायकाऐवजी फिल्म

1940 च्या दशकात अमेरिकेत नाणे टाकून गाण्याची छोटी फिल्म दाखवणारी ‘पॅनोरम’ यंत्रे होती. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘स्कोपिटोन’ आले. या यंत्रांत फिल्म हाच विकण्याचा माल होता. प्रसिद्धीसाठी फिल्म ही कल्पना दूरचित्रवाणीमुळे बळावली. 1966 मध्ये बीटल्सने ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिल्म मायकेल लिंडसे-हॉग यांच्याकडून करून घेतल्या. प्रत्येक वाहिनीच्या स्टुडिओत स्वतः जाण्याऐवजी फिल्म पाठवली की काम भागत असे.

आवरण आणि व्हिडिओ यांचे नाते समजण्यासाठी 1975 मधील क्वीन या गटाच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. ब्रूस गावर्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या व्हिडिओत अंधारात वरून प्रकाश पडलेले चार चेहरे दिसतात. ही रचना 1974 च्या ‘क्वीन टू’ अल्बमच्या आवरणावरून घेतलेली आहे. ते छायाचित्र मिक रॉक यांचे, आणि त्यामागे अभिनेत्री मार्लेन डीट्रिख यांच्या जुन्या छायाचित्राची प्रेरणा. म्हणजे चित्रपटाच्या प्रसिद्धीतील एक प्रतिमा आधी आवरणावर आली, मग आवरणावरून व्हिडिओत गेली. या प्रवासात रंगसंगती जुळवणे गौण आहे. चौघे मिळून एकच गूढ आकृती दिसावी, ही कल्पना दोन्ही माध्यमांत टिकली, हे महत्त्वाचे. ‘सुसंगती’ या निकषाचा खरा अर्थ हा आहे.

3. वाहिनीचा काळ

1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली. तिचा कार्यक्रम म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी पुरवलेले व्हिडिओ. एका बाजूने ती जाहिरात होती, दुसऱ्या बाजूने तोच मनोरंजनाचा कार्यक्रम होता. कंपनीला गायकाचा चेहरा ओळखीचा व्हायला हवा होता, कारण पुढचा अल्बम त्याच चेहऱ्यावर खपणार. क्लोज-अपचा आग्रह येथून आला. पडद्याच्या कोपऱ्यात गाणे, कलाकार, अल्बम आणि कंपनी यांची नावे झळकत. दिग्दर्शकाचे नाव मात्र 1992 अखेरपर्यंत दिले जात नव्हते. ज्याने व्हिडिओ बनवला, तो अकरा वर्षे निनावी राहिला. जाहिरात बनवणाऱ्याचे नाव कोण छापतो, असा त्यामागचा व्यवहार.

1983 मधील मायकेल जॅक्सन यांचा ‘थ्रिलर’ सुमारे 14 मिनिटांचा आहे. दिग्दर्शक जॉन लँडिस. खर्च भागवण्यासाठी त्याच्या चित्रीकरणावर माहितीपट करून त्याचे हक्क विकण्यात आले; पुढे तो व्हिडिओ कॅसेटवरही आला. जाहिरातीची जाहिरातही विकली जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

आ-हा या नॉर्वेच्या गटाचे ‘टेक ऑन मी’ हे उदाहरण मूल्यमापन करणाऱ्याने जरूर अभ्यासावे. 1984 मध्ये हे गाणे साध्या व्हिडिओसह आले आणि फारसे चालले नाही. 1985 मध्ये स्टीव्ह बॅरन यांचा पेन्सिल-रेखाटनांचा व्हिडिओ आला आणि गाणे जगभर गाजले. ‘व्हिडिओमुळे गाणे चालले’ असा निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो. पण दरम्यान गाणेही नव्याने मुद्रित झाले होते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या बदलाचा हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण हा नियम पाळतो. अहवालाच्या मूल्यमापन प्रकरणात तो सहज विसरला जातो.

4. भारतातील वाट

आपल्याकडे गाण्याचे दृश्यरूप म्हणजे बराच काळ चित्रपटगीतच होते. 1980 च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे चित्रपटबाह्य संगीताला बाजार मिळाला आणि प्रसिद्धीचा भार कॅसेटच्या डबीतील छोट्या छापील कागदावर आला. 1990 च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्यावर व्हिडिओला जागा मिळाली. अलिशा चिनॉय यांच्या 1995 च्या ‘मेड इन इंडिया’चा व्हिडिओ केन घोष यांनी दिग्दर्शित केला, आणि चित्रपटाशिवाय एखादी गायिका घरोघरी पोहोचू शकते हे दिसून आले.

1998 मधील दलेर मेहंदी यांचा ‘तुनक तुनक तुन’ हा तर एका टीकेला दिलेले उत्तर आहे. त्यांची गाणी व्हिडिओतील नर्तकींमुळे चालतात, असे म्हटले जाई. म्हणून या व्हिडिओत संगणकीय तंत्राने चार दलेर मेहंदीच नाचतात. ‘रूढ संकेत मोडणे’ म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठ : कोणता संकेत आणि का मोडला, हे दोन्ही येथे सांगता येते.

16 नोव्हेंबर 2011 रोजी चेन्नईहून ‘व्हाय धिस कोलावेरी डी’ इंटरनेटवर आले. स्टुडिओत गाणे मुद्रित होत असल्याचे साधे चित्रण हाच व्हिडिओ होता. ते देशभर आणि देशाबाहेर गाजले. पण ते ज्या ‘थ्री’ या तमिळ चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी होते, त्या चित्रपटाच्या वाट्याला गाण्याइतके यश आले नाही. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला आणि प्रसिद्धीचा हेतू साधला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

5. निकष वर्गात आले

1992 मध्ये अँड्र्यू गुडविन यांनी एमटीव्ही काळाचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला. दृश्य आणि शब्द यांचा संबंध, दृश्य आणि संगीत यांचा संबंध, कंपनीला हवे असलेले क्लोज-अप, पाहण्याची नजर, इतर कलाकृतींचे संदर्भ अशी व्हिडिओची वैशिष्ट्ये त्यांच्या विवेचनातून पुढे अभ्यासक्रमांत आली. गुडविन यांनी बाजार कसा चालतो याचे वर्णन केले होते. वर्गात त्या वर्णनाची तपासयादी झाली.

इंग्लंडमधील ओसीआर परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल माध्यम-अभ्यासात 2008 नंतरच्या अभ्यासक्रमात म्युझिक व्हिडिओ, अल्बमचे घडीचे आवरण आणि मासिकातील जाहिरात असा एकत्रित प्रकल्प होता. विद्यार्थ्यांना चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. रूढ संकेत कसे वापरले, विकसित केले किंवा आव्हानले? मुख्य कृती आणि पूरक साहित्य यांची जोड किती परिणामकारक? प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात? तंत्रज्ञान कसे वापरले? आजही हे प्रश्न कामाचे आहेत. पण हे चारही प्रश्न व्यावसायिक नमुना गृहीत धरतात. विद्यार्थ्याला अल्बम खपवायचा नसतो. मग गायकाचा चेहरा सतत दिसलाच पाहिजे, हा निकष त्याने का पाळावा?

6. आवरणाचा खरेपणा

एक निकष मात्र बाजाराने दिला नाही. तो बाजाराला आवर घालण्यासाठी कायद्याने दिला. कॅसेटच्या काळात गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन विकली जात आणि आवरण पाहून ग्राहक फसत. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अट आली, की अशा मुद्रणाचे वेष्टन किंवा लेबल दिशाभूल करणारे नसावे. 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 31सी अधिक स्पष्ट आहे : आवरणावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र नसावे, आणि ही कव्हर आवृत्ती आहे असे नमूद असावे. त्याच दुरुस्तीने कलम 38बी मध्ये कलाकाराला सादरकर्ता म्हणून आपली ओळख सांगण्याचा हक्क मिळाला.

ही कलमे विद्यार्थी-प्रकल्पाच्या अगदी जवळची आहेत. लोकप्रिय गाणे वर्गमैत्रिणीकडून गाऊन घेतले आणि पोस्टरवर मूळ गायकाचे छायाचित्र लावले, तर ते पोस्टर कितीही सुबक असले तरी खोटे बोलते. शिवाय वर्गापुरता केलेला व्हिडिओ सार्वजनिक मंचावर टाकला, की गाणे दृश्यांना जोडण्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

7. प्रकल्पाला निकष लावताना

अभियांत्रिकीत आपण दोन प्रश्न वेगळे ठेवतो : वस्तू ठरल्याप्रमाणे बनली का, आणि ठरवले तेच मुळात योग्य होते का? पहिल्याचे उत्तर कॅमेरा, संकलन, ध्वनी आणि छपाई तपासून मिळते. दुसऱ्यासाठी हेतू आधी लिहून ठेवलेला हवा. कामानंतर लिहिलेला हेतू नेहमीच साध्य झालेला असतो. या दृष्टीने पुढील मुद्दे तपासावेत.

पहिला, हेतू : व्हिडिओ कशासाठी आणि कोणासाठी आहे, हे चित्रीकरणापूर्वी एका वाक्यात लिहिले होते का?

दुसरा, सुसंगती : व्हिडिओ न पाहिलेल्या पाच-सहा जणांना केवळ आवरण आणि पोस्टर दाखवावे, गाणे कशाविषयी असेल ते विचारावे, आणि मग व्हिडिओ दाखवावा. अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर नोंदवावे.

तिसरा, संकेत : प्रत्येक रूढ संकेत मूळ कोणाच्या सोयीचा होता आणि तो आपल्याला लागू आहे का?

चौथा, प्रतिसाद : ओळखीच्यांची पसंती आणि अनोळखी प्रेक्षकांचे मत वेगळे नोंदवले का? संख्येवरून कारण ठरवण्याची घाई तर झाली नाही ना?

पाचवा, श्रेय : गाणारे, वाजवणारे, प्रकाश धरणारे, पोस्टर आखणारे या सर्वांची नावे व्हिडिओत आणि आवरणावर आहेत का? वापरलेले छायाचित्र कोणाचे, हे लिहिले आहे का?

पाचव्या मुद्द्याला गुणतक्त्यात सहसा रकाना नसतो. गटाच्या कामात कॅमेऱ्यासमोरचे एक-दोन जण लक्षात राहतात आणि रात्र-रात्र संकलन करणारा विसरला जातो. इतिहासात हे वारंवार घडले आहे, आणि ते चुकीचे होते हे कळायला प्रत्येक वेळी बरीच वर्षे लागली आहेत. विद्यार्थ्यांना तेवढा काळ थांबण्याचे कारण नाही.

सारांश

प्रसिद्धी साहित्य हे व्हिडिओला नंतर जोडलेले शेपूट नव्हे. व्हिडिओच प्रसिद्धी साहित्य म्हणून वाढला. त्याचे अनेक निकष विक्रीच्या गरजेतून आले आहेत. सुसंगती, प्रतिसाद आणि तंत्र हे निकष त्यांचा मूळ अर्थ समजून घेऊन वापरावेत. क्लोज-अपसारखे निकष हेतूनुसार स्वीकारावेत किंवा सोडावेत. खरेपणा आणि श्रेय हे निकष मात्र प्रत्येक प्रकल्पाला लागू आहेत.

स्वाध्याय

1. आपल्या भाषेतील एका चित्रपटबाह्य गाण्याचा व्हिडिओ, आवरण आणि पोस्टर निवडा. तिन्हींत टिकलेली एक कल्पना आणि एकातच आढळणारी एक कल्पना लिहा.

2. ‘टेक ऑन मी’च्या उदाहरणाच्या आधारे, व्हिडिओचा परिणाम मोजताना कोणती काळजी घ्यावी ते स्पष्ट करा.

3. आपल्या गटाच्या प्रकल्पाची संपूर्ण श्रेयनामावली तयार करा आणि पहिल्या मसुद्यात कोणाचे नाव राहून गेले होते ते नोंदवा.