मागील आसाचे गुणोत्तर
मागील आसाचे गुणोत्तर म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्ट घेत असलेल्या फेऱ्यांची संख्या होय. क्राउन चक्राच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून ती मिळते. ४१ व १० दाते असल्यास गुणोत्तर ४.१० येते.

गुणोत्तर वाढले की चाकाला मिळणारा जोर वाढतो, पण इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडीचा वेग घटतो. बोरघाट चढून पिंपरीतील संत तुकारामनगरालगतच्या वल्लभनगर स्थानकात येणाऱ्या एसटी बसला जोर महत्त्वाचा. अवजड मालमोटारींत गुणोत्तर ६ हूनही अधिक असू शकते. ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीसाठी, इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्या अंतिम रेषेजवळ गाठेल असे गुणोत्तर निवडतात.

तीच गाडी रोज वापरायची असल्यास खरा पेच पडतो. चाकाचा परीघ २ मीटर व वरचा गिअर १:१ असता, ताशी १०० किमी वेगाला ४.१० गुणोत्तराचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,४२० फेरे घेते, तर ३.०८ चे सुमारे २,५७०. हा फरक इंधनखर्चात आणि आवाजात जाणवतो. ओव्हरड्राइव्ह गिअर असल्यास तो बराच भरून निघतो. लहान टायर बसवल्यानेही गुणोत्तर वाढवल्यासारखाच परिणाम होतो, हे पुष्कळदा विसरले जाते. दात्यांची जोडी बदलल्यावर अनेक गाड्यांत वेगमापकही चुकीचा वेग दाखवतो. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.