ताई भाषांचे वर्गीकरण आणि बुरंजीचे कुल

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणातून मद्रास इलाखा, हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि ब्रह्मदेश हे प्रदेश वगळण्यात आले होते. त्याच म्हैसुरात १९६९ साली केंद्रीय भारतीय भाषा संस्था स्थापन झाली, आणि दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांच्या जतनाची २०१३ साली सुरू झालेली योजना तिच्याकडे सोपविण्यात आली. आसामातील फाके व आइतोन या ताई भाषा अशाच अल्पसंख्य भाषकांच्या आहेत. त्यांचे कुल कोणते, हा प्रश्न वरकरणी भाषाशास्त्रज्ञांचा. परंतु वाङ्मयेतिहासालाही तो टाळता येत नाही.

सर्वेक्षणाच्या १९०४ च्या दुसऱ्या खंडात ताई भाषांची नोंद सयामी-चिनी कुलात झाली. एकाक्षरी शब्द, सुरांनी होणारा अर्थभेद आणि चिनीशी जुळणारे पुष्कळ शब्द एवढ्यावर हे नाते गृहीत धरले गेले. १९४२ साली पॉल बेनेडिक्ट यांनी ते नाकारले व ताईचा संबंध कादाई आणि इंडोनेशियाई भाषांशी जोडला. आज बहुतेक अभ्यासक ताई-कादाई हे स्वतंत्र कुल मानतात. चीनमध्ये मात्र जुनी मांडणी अद्याप प्रचलित आहे.

कुलांतर्गत शाखांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ली फांग-क्वेइ यांनी १९६० साली उत्तर, मध्य व नैर्ऋत्य अशा तीन शाखा कल्पिल्या. थाई, लाओ, शान, खामती व आहोम या नैर्ऋत्य शाखेत येतात. पुढे २००९ साली पिट्टयावत पिट्टयापोर्न यांनी चार शाखांची वेगळी मांडणी केली. १९७५ साली जेम्स चेंबरलेन यांनी नैर्ऋत्य शाखेतच दोन गट पाडले होते. मूळ घोष स्पर्श व्यंजने थाई-लाओमध्ये महाप्राण झाली, तर शान-आहोममध्ये अल्पप्राण. म्हणून पित्याला तिकडे ‘फो’, इकडे ‘पो’. ‘थाई’ आणि ‘ताई’ ही नावेही मुळात एकच. तथापि हा बदल शेजारच्या भाषेत संपर्काने पसरू शकतो. केवळ त्यावरून समान पूर्वज सिद्ध होत नाही.

वारसा आणि संपर्क यांतील हाच भेद आहोमच्या इतिहासात वाङ्मयीन रूपाने दिसतो. सुकाफा १२२८ साली ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला. त्याच्या वंशजांनी सुमारे सहा शतके राज्य केले. पण राज्यकर्त्यांनी हळूहळू असमिया स्वीकारली. आहोम बोलीभाषा म्हणून लोपली आणि पुरोहितांच्या पोथ्यांत राहिली. तिच्या लिपीत सुरांची चिन्हे नसल्याने लुप्त उच्चार केवळ पोथीवरून परत मिळविता येत नाहीत. मात्र बुरंजी हा इतिहासलेखनाचा प्रकार भाषेबरोबर लोपला नाही. आधी आहोममध्ये लिहिल्या जाणाऱ्या बुरंज्या पुढे असमियात लिहिल्या जाऊ लागल्या. गोलापचंद्र बरुआ यांनी आहोम संहिता इंग्रजी अनुवादासह १९३० साली प्रकाशात आणली.

आता असमिया बुरंजीचे कुल कोणते मानावे? भाषेच्या आधारे ती इंडो-आर्य वाङ्मयात जाते, आणि तिची ताई परंपरा एका प्रास्ताविक वाक्यापुरती उरते. मराठी अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. ‘बखर’ हा शब्द सामान्यतः अरबी ‘खबर’वरून आला असे मानतात, तरी बखरीचा विचार आपण मराठी गद्याच्या चौकटीतच करतो. कोकणीची नोंद त्याच सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात मराठीची बोली म्हणून झाली. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या काळात वंशवृक्ष बदलला नव्हता. बदलली ती मान्यता.

तात्पर्य, भाषेचे कुल आणि वाङ्मयप्रकाराचे कुल यांची गल्लत करू नये. पहिले नियमित ध्वनिपरिवर्तनांनी ठरते. दुसरे दरबार, लेखक आणि वाचक यांच्या व्यवहारातून घडते. तौलनिक साहित्याभ्यासाने एकाची मोजपट्टी दुसऱ्यास लावली, तर बोलणारे न उरलेल्या आहोमसारख्या भाषेचे वाङ्मयीन ऋणही तिच्याबरोबरच विस्मृतीत जाईल.