जत्रेतील चव आणि गावाचे नाव : पॅरिसपासून वसमतपर्यंत

१/ हिंगोलीच्या रामलीला मैदानावर भरणाऱ्या दसरा महोत्सवाची परंपरा १८५५ पासूनची मानली जाते. रावणदहन पाहावे आणि प्रदर्शनात फिरून खरेदी करावी, ही येथील जुनी रीत. परंतु जत्रेत चाखलेल्या जिन्नसाच्या नावावर तो पिकवणाऱ्या गावाचा कायदेशीर हक्क असतो, हा विचार घडला फ्रान्समध्ये. त्याचाच हा इतिहास.

२/ फ्रान्समध्ये १८७० पासून सरकारी कृषी स्पर्धा भरू लागली. १९६४ पासून पॅरिसमध्ये दरवर्षी भव्य कृषी प्रदर्शन भरते. उत्तम गाई-बैल पाहण्यास लाखो लोक येतात आणि प्रांतोप्रांतीचे जिन्नस चाखतात : नॉर्मंडीचे कामाँबेर चीज, ब्रिटनीची घावनासारखी क्रेप, रोकफोर गावचे मेंढीच्या दुधाचे चीज.

३/ ही नावे सहजासहजी सुरक्षित झाली नाहीत. शँपेन प्रांतातील व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे व मद्य आणून ते शँपेनच्या नावाने विकत. द्राक्षे पिकवणारा उपाशी आणि त्याच्या गावाचे नाव मात्र बाजारात तेजीत! १९११ मध्ये शेतकऱ्यांचा संयम सुटला. त्यांनी गोदामे फोडली, मद्य रस्त्यावर ओतले. सरकारला सैन्य पाठवावे लागले.

४/ पुढे कायद्याने वळण घेतले. १९२५ मध्ये रोकफोर चीजला स्वतंत्र कायद्याने संरक्षण मिळाले. त्या गावच्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या चीजलाच ते नाव लावता येते. १९३५ मध्ये मद्यांच्या मूळस्थानाची नावे नियंत्रित करणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

५/ भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये अंमलात आला. पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला.

६/ हळदीपुरते पाहू. वायगावला २०१६ मध्ये, सांगलीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. मराठवाड्याची हळद वर्षानुवर्षे विक्रीसाठी सांगलीच्या पेठेत जात असे. तेथे ढीग लागला की शिवाराचे नाव मागे पडे. अखेर २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला स्वतःचे मानांकन लाभले. त्याच वर्षी जालन्याची दगडी ज्वारी, कुंथलगिरीचा खवा, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांनाही ते मिळाले.

७/ तथापि, मानांकन म्हणजे भाव नव्हे. ते नाव वापरण्यासाठी शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि ग्राहकालाही ते नाव ओळखता यावे लागते. फ्रान्समध्ये कायदा नावाचे रक्षण करतो, तर प्रदर्शन त्या नावाची चव लोकांच्या जिभेवर रुजवते. आपल्याकडे कायदा आला. जत्रा तर पूर्वीपासूनच आहे. या दोहोंची गाठ घालणे तेवढे बाकी आहे.

८/ दसऱ्याला हिंगोलीस गेलात, तर हळदीची पुडी उलटून पाहा. तिच्यावर गावाचे नाव आहे का?