कीबोर्ड, इन्स्टॉलर आणि १९८४ ची एक चिप

नवीन मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसलेल्या माणसाचं एक ठरलेलं रडगाणं असतं. बायोसमध्ये कीबोर्ड मस्त चालत होता. डिलीट दाबल्यावर सेटिंग उघडलं, बाण वरखाली फिरले, बूटचा क्रम बदलला. इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा निवडायची स्क्रीन आली, आणि नेमकं 'नेक्स्ट' म्हणायच्या वेळी कीबोर्ड ठप्प. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. मग लोक कीबोर्ड बदलतात, पोर्ट बदलतात, डीव्हीडी पुन्हा बर्न करतात आणि शेवटी दुकानदाराला फोन लावतात. कीबोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो. ही भानगड कळायची तर १९८४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी/एटी आला आणि त्याच्या मदरबोर्डवर कीबोर्डसाठी इंटेलची ८०४२ नावाची वेगळी चिप बसली. काम साधं. कीबोर्डच्या वायरमधून येणारे बिट गोळा करायचे, एक बाइट जमला की प्रोसेसरला इंटरप्ट क्रमांक १ ने हाक मारायची, आणि प्रोसेसरने तो बाइट पोर्ट ६० वरून उचलायचा. चिपला हुकूम द्यायचा तर पोर्ट ६४. (हे आकडे हेक्साडेसिमलमधले.) झालं, संपला ड्रायव्हर.

गंमत म्हणजे या चिपच्या काही पिना मोकळ्या होत्या, आणि आयबीएमने त्यांना भलतीच कामं जोडली. जुन्या ८०८८ ला मेमरीच्या पत्त्यासाठी २० वायरी होत्या, म्हणजे १ एमबी संपली की पत्ता पुन्हा शून्यावर. काही जुने प्रोग्रॅम याच्यावरच विसंबून होते. एटीमधल्या २८६ ला २४ वायरी. मग जुन्या प्रोग्रॅमसाठी एकविसावी वायर बंद ठेवायची सोय हवी, ती दिली कीबोर्डच्या चिपकडे. शिवाय २८६ एकदा प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला की रीसेट केल्याशिवाय परत येत नसे. तो रीसेटही हिच्याचकडे. आपल्या सोसायट्यांमध्ये वॉचमनकडे गेटबरोबर पाण्याच्या पंपाची आणि लिफ्टच्या खोलीचीही किल्ली असते ना, तसंच. असा माणूस कामावरून काढता येत नाही! १९८७ मध्ये पीएस/२ मशीनबरोबर कीबोर्डची पिन लहान, गोल, सहा काट्यांची झाली, पण बोलणं तेच राहिलं.

मग १९९६ मध्ये यूएसबी आलं. पीएस/२ कीबोर्ड स्वतःहून ओरडतो, 'बटण दाबलं!' यूएसबी कीबोर्ड कधीच आपणहून बोलत नाही, त्याला सतत विचारावं लागतं. त्याआधी कंट्रोलर जागा करायचा, तारेच्या टोकाला कोण आहे ते ओळखायचं, त्याला पत्ता द्यायचा, तो कीबोर्डच आहे याची खात्री करायची. एवढा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ड्रायव्हर असेल तरच होणार. डॉस आणि विंडोज एनटी ४ ला तर यूएसबी हा शब्दच ठाऊक नव्हता.

बायोसवाल्यांनी यावर जो तोडगा काढला, तो माझ्या मते पीसीच्या इतिहासातल्या सगळ्यात सुंदर थापांपैकी एक आहे. १९९० च्या ३८६एसएल प्रोसेसरमध्ये इंटेलने लॅपटॉपची वीज वाचवण्यासाठी सिस्टिम मॅनेजमेंट मोड नावाची एक चोरखोली बांधली होती. प्रोसेसर तिच्यात गेला की ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी गोठते आणि तिला त्याचा पत्ताही लागत नाही. 'यूएसबी लेगसी सपोर्ट' ही खोलीच वापरतो. ऑपरेटिंग सिस्टिम पोर्ट ६० वाचायला जाते, चिपसेट तिला मध्येच अडवतो, बायोस गुपचूप यूएसबी कीबोर्डकडून मिळालेलं बटण जुन्या ८०४२ च्या भाषेत करून हातात ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला वाटतं, चला, आपली १९८४ ची चिप जागेवर आहे. कीबोर्डच्या मानकातसुद्धा बायोससाठी मुद्दाम एक सोपी बोली ठेवली आहे, फक्त ८ बाइटची. काही गेमिंग कीबोर्डांना 'बायोस' असं लिहिलेला खटका असतो, तो याच बोलीसाठी.

आता रडगाण्याचं मूळ. ही थाप कधीतरी थांबवावीच लागते, कारण एकाच कंट्रोलरला दोन मालक चालत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते, यूएसबी आता माझ्या ताब्यात दे. बायोस हात काढून घेतो. आणि तिचा स्वतःचा ड्रायव्हर काम सुरू करतो. या हस्तांतरात गडबड झाली की कीबोर्ड गेला. लिनक्सच्या २.६ मालिकेत हा ताबा बूटच्या अगदी सुरुवातीलाच मागून घेण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागे, पुढे तेच नेहमीचं झालं. यूईएफआय आल्यावर मामला आणखी कडक झाला. ऑपरेटिंग सिस्टिमने 'बूट सेवा संपल्या' असं कळवलं की फर्मवेअरचा कीबोर्ड ड्रायव्हर त्याच क्षणी रजा घेतो. पुढे ड्रायव्हर असेल तर ठीक, नसेल तर शांतता.

ही शांतता सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पसरली २०१५ मध्ये. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ ला, आणि यूएसबी ३ चा एक्सएचसीआय नावाचा नवा कंट्रोलर चालवायचा ड्रायव्हर त्यात नव्हता. तो आला २०१२ च्या विंडोज ८ मध्ये. मधल्या काळात कुणाला फारसं जाणवलं नाही, कारण मदरबोर्डवर यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असायचा. ऑगस्ट २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसर आले आणि सोबतच्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून इंटेलने ईएचसीआय काढूनच टाकला. आता सगळे पोर्ट एक्सएचसीआयचे. विंडोज ७ चा इन्स्टॉलर फर्मवेअरच्या जिवावर मेमरीत चढायचा, स्क्रीन यायची, आणि कीबोर्ड-माउस दोन्ही गायब. पेन ड्राइव्हवरून करत असाल तर आणखी कडी: ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर आला तोच त्याला दिसेना, आणि वर 'सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही' अशी दिशाभूल करणारी तक्रार. ड्रायव्हर दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून द्यावा, तर तोही यूएसबीच!

ज्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा महागडं यंत्र फक्त विंडोज ७ वर चालायचं, त्यांच्यासाठी हा विनोद नव्हता. जुनं मशीन मोडलेलं, नवीन घेतलेलं, आणि त्यावर जुनं घर वसत नाही. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० पर्यंत मिळणार होते, म्हणजे ते काही मोडीत निघालं नव्हतं. इंटेलने इन्स्टॉलरमध्ये ड्रायव्हर घुसवणारं एक छोटं साधन दिलं, पण ते चालवायला आधी एक चालू विंडोज मशीन हवं. जाणकार हेच डिझम वापरून हाताने करत. बूट.विम या फाइलमध्ये घातला नाही तर इन्स्टॉलर मुका, आणि इन्स्टॉल.विममध्ये विसरला तर इन्स्टॉल नीट पार पडून पहिल्या लॉगिनला पुन्हा तेच! काही मदरबोर्डवाल्यांनी सेटिंगमध्ये पीएस/२ ची नक्कल करणारा पर्याय ठेवला, म्हणजे जुनी थाप परत सुरू केली. आणि ज्यांच्या मदरबोर्डला तो गोल जांभळा पोर्ट शिल्लक होता, त्यांनी माळ्यावरचा पीएस/२ कीबोर्ड काढला, लावला आणि पाच मिनिटांत पुढे गेले.

लॅपटॉपवाले त्या काळात बरेचसे वाचले, कारण लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बहुतेकदा आतून ८०४२ चीच भाषा बोलतो. याला मोठा अपवाद ॲपलचा. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये अंगचा कीबोर्ड एसपीआय नावाच्या वेगळ्याच वायरीवर होता. त्यावर लिनक्स टाकणाऱ्यांना उलटा अनुभव यायचा: अंगचा कीबोर्ड मेलेला, आणि बाहेरून लावलेला साधा यूएसबी कीबोर्ड जिवंत. मूळ लिनक्स कर्नेलमध्ये त्याचा ड्रायव्हर आला २०१९ मध्ये, ५.३ या आवृत्तीत.