मखमलीची लव आणि भिवंडीचा माग

मखमलीत दोन ताणे असतात. एक बाण्याशी विणला जाऊन कापडाची जमीन बनतो. दुसरा मधूनमधून घातलेल्या बारीक तारांवरून चढतो आणि त्याचे फासे उभे राहतात. फासे पात्याने कापले की धाग्यांच्या टोकांची लव होते. रेशमी लवेवरून हात सुलट फिरवला तर रंग उजळ दिसतो, उलट फिरवला तर गडद. जुन्या मखमली पोशाखांचे आकर्षण मुख्यतः या दोन छटांत आहे, कारण अंग हलले की दिव्याच्या उजेडात त्या जागा बदलतात.

तारा हाताने घालायच्या आणि काढायच्या, त्यामुळे हातमागावर दिवसभरात काही वितीच मखमल निघे. १९व्या शतकात यंत्रमागावर दोन कापडे समोरासमोर विणून मधले धागे कापण्याची पद्धत रुळली आणि मखमल दरबाराबाहेर आली. भिवंडी आणि लगतच्या शेलारसारख्या गावांतला मागांचा पसारा मात्र वेगळ्या कापडावर वाढला. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमाग बसवले, विसाव्या शतकात त्यांच्या जागी पॉवरलूम आले, आणि १९८२च्या मुंबईतील गिरणी संपानंतर बरेच काम इकडे वळले. साध्या मागावरून मुख्यतः ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड उतरते आणि रंगाईला जाते. मखमलीला लवेचा वेगळा बीम, कापणारे पाते आणि कितीतरी जास्त सूत लागते. ग्रेच्या भावावर चालणाऱ्या धंद्याला ते परवडत नाही.

१९२० आणि १९३०च्या दशकांत युरोपात मेजवान्यांसाठी शिवलेले लांब झगे हा मखमलीचा सर्वांत देखणा वापर. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी कापड तिरके बेतण्याची रीत लोकप्रिय केली. पातळ रेशमी मखमल त्या बेतात अंगासरशी उतरते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी, यांनाही मखमलीचा षोक होता. साडी त्या शिफॉनची नेसत, पण पादत्राणे घडवणाऱ्या इटलीच्या फेरागामोकडे त्यांनी नोंदवलेल्या जोड्यांत मोती जडवलेली हिरवी मखमल होती आणि हिरे जडवलेली काळीही.

पुढे लवेत रेशमाऐवजी रेयॉन आले, नंतर नायलॉन आणि पॉलिएस्टर. ही लव चमकते, पण तिच्या रंगाला रेशमाची खोली नाही. जुना झगा घडी घालून ठेवला तर घडीवर लव दबून रेघ उमटते. ती उलट्या बाजूने वाफ देऊन बरीचशी उठवता येते. कोपरावर झडलेली लव मात्र परत आणता येत नाही, कारण फासा मागावरच पडतो, रफूने नाही. अखंड लवेचे जुने झगे म्हणूनच दुर्मीळ आहेत.