दानाची पाटी आणि प्रयोगाचे सेल

ठाणे घ्या किंवा कल्याण-डोंबिवली, महापालिकेच्या प्राथमिक शाळेत पंख्यावर, पाण्याच्या टाकीवर, कपाटावर दात्याचे नाव रंगवलेले आढळते. भिंगावर किंवा टॉर्चच्या सेलवर ते सहसा नसते. सेल संपतो, संपणाऱ्या वस्तूला दाता मिळणे कठीण.

शाळेला लोकांचा पैसा नवा नाही. मुंबई इलाख्यात १८६० नंतर शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला, आणि त्यातला एक तृतीयांश शिक्षणाकडे गेला. हे अर्थात सक्तीचे दान! वर्गातील प्रयोगसाहित्याचा विचार देशपातळीवर झाला तो फार उशिरा, १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत. विज्ञानपेटी शाळेत आली, डेडस्टॉकला नोंदली गेली आणि पुष्कळ ठिकाणी कपाटातच राहिली. काचेची नळी फुटली तर भरून कोण देणार, ही गुरुजींची धास्ती खोटी नव्हती. पुढे सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम लहान, पण खर्च करण्याची मोकळीक मोठी.

याहून वेगळे दान आपल्याकडे १९७४ साली झाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या शाळांत काम करू लागले. स्वस्त साहित्य त्यांनी वापरलेच. पण या आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील कामातून एक अडथळा स्पष्ट दिसला: पाठ्यपुस्तकाची भाषा. प्रयोग समजण्याआधीच मूल वाक्यात अडकत होते. भाषा सोपी करताच मुलांची प्रगती सुधारली. ट्रस्टचा पैसा इथे वर्गात बसून मुलांचे ऐकणाऱ्या माणसांच्या वेळेवर खर्च झाला. मला हे दान सर्वांत मोलाचे वाटते.

ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत ग्रामस्थांच्या मदतीने डिजिटल वर्ग उभा राहिला; २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात तो राज्यभर गाजला. तिथे निदान पडद्यावर काय दाखवायचे हे शिक्षकाने ठरवले होते. आपल्या शाळेकडे दाता येतो तेव्हा मात्र वस्तू बहुधा आधीच ठरलेली असते. विद्युत मंडलाच्या प्रयोगांना वर्षभर लागणारे सेल, बल्ब, तारा यांची यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर तयार असेल, तर निदान ती दाखवता येईल.