गोराईची तापलेली वाळू आणि सिग्मा: हा आकडा आता मोजावा का लागत नाही?

मे महिन्यातल्या दुपारी गोराईच्या किनाऱ्यावर अनवाणी उतरलं की पाय पोळतात. पण वाळूला न शिवता नुसता हात वीतभर वर धरला, तरी धग लागतेच. त्यातली काही तापलेल्या हवेची, तर बाकीची अवरक्त प्रारणाची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची असते.

ही धग किती, ते काढता येतं. वाळूचं तापमान ५० अंश सेल्सिअस, म्हणजे ३२३ केल्विन, धरलं तर एक चौरस मीटर वाळू सुमारे ६१७ वॉट ऊर्जा बाहेर टाकते. पहाटे ती २७ अंशांवर आली की हाच आकडा ४५९ वॉट होतो. (हे आकडे आदर्श 'कृष्ण पदार्थाचे' आहेत, खऱ्या वाळूचे थोडे कमी. शिवाय हवा आणि ढगही वाळूकडे प्रारण पाठवत असतात, म्हणून ती रात्रीतून गोठत नाही.)

हिशोब सोपा आहे: केल्विनमधल्या तापमानाचा चौथा घात गुणिले सिग्मा हा स्थिरांक. चौथ्या घाताचा नियम योझेफ श्टेफान यांनी १८७९मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला आणि लुडविग बोल्ट्झमान यांनी १८८४मध्ये तो सिद्धान्तातून काढून दाखवला. पण सिग्माची किंमत काय, हे त्या सिद्धान्तातून कळत नव्हतं. ती मोजावीच लागे.

दुसरा नियम विल्हेल्म वीन यांचा, १८९३चा. प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वांत तीव्र असतं, ते यातून कळतं: २८९८ भागिले केल्विनमधलं तापमान, उत्तर मायक्रोमीटरमध्ये. तापलेल्या वाळूसाठी ते ९ येतं, माणसाच्या त्वचेसाठी साडेनऊच्या आसपास. करोनाकाळात कपाळासमोर धरली जाणारी 'थर्मल गन' याच पट्ट्यातलं प्रारण टिपत होती. वीनचा २८९८ हाही तेव्हा मोजलेलाच आकडा.

१९००मध्ये माक्स प्लांक यांनी प्रारणाचं पूर्ण सूत्र मांडलं. त्यात तीनच स्थिरांक होते: प्रकाशाचा वेग 'सी', बोल्ट्झमान स्थिरांक 'के' आणि एक नवा, 'एच'. सूत्रातून सिग्माची फोड अशी निघते: पायचा पाचवा घात गुणिले २, गुणिले 'के'चा चौथा घात, याला १५, 'एच'चा घन आणि 'सी'चा वर्ग यांच्या गुणाकारानं भागायचं. वीनचा स्थिरांक म्हणजे 'एच' गुणिले 'सी', भागिले 'के'ची ४.९६५ पट.

'एच' इथे भाजकात आहे, हे नीट पाहण्यासारखं आहे. तो शून्य असता तर सिग्मा अनंत झाला असता आणि कोणत्याही वस्तूनं अमर्याद ऊर्जा बाहेर टाकली असती. जुन्या भौतिकशास्त्राचं गणित नेमकं तिथेच अडकलं होतं.

प्लांक यांनी हे संबंध उलटे वापरले. 'सी' माहीत होता. सिग्मा आणि वीनचा स्थिरांक प्रयोगशाळांनी भट्ट्या तापवून मोजलेले होते. दोन समीकरणं, दोन अज्ञात. त्यांतून 'एच' आणि 'के' दोन्ही निघाले. 'एच' आजच्या किमतीपेक्षा सुमारे १ टक्का कमी, 'के' अडीच टक्के कमी. 'के'वरून पुढे त्यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभारही काढला: त्या काळच्या एककांत ४.६९. थेट प्रयोगातून जे. जे. थॉमसन यांना तेव्हा ६.५ मिळाला होता. आजची किंमत ४.८० आहे. भट्टीची धग मोजून इलेक्ट्रॉनचा भार थेट प्रयोगापेक्षा अचूक मिळाला!

सिग्माची मोजणी पुढेही चालू राहिली. १९८५मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत क्विन आणि मार्टिन यांना ५.६६९६७ गुणिले १० चा उणे आठवा घात ही किंमत मिळाली. गणितानं काढलेल्या सिग्मातही अनिश्चितता होतीच, कारण 'के'चा चौथा घात घेतला की त्यातली चूक चौपट होते.

२० मे २०१९पासून चित्र बदललं. किलोग्रॅम आणि केल्विनच्या नव्या व्याख्यांसाठी 'एच' आणि 'के' यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकण्यात आल्या. 'सी' १९८३पासूनच ठरलेला होता. तिन्ही ठरल्यावर सिग्मात मोजण्यासारखं काही उरलं नाही. तो ५.६७०३७४४१९… असा हवे तितके अंक कागदावर काढता येतो. आता कोणी भट्टीचं प्रारण मोजून वेगळा सिग्मा आणला, तर तपासायचा तो तापमापक किंवा प्रारणमापक.